बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन नुसता गुणगुणतो. फिरला तरी वाफ जात नाही

डोंबिवली_पूर्व

नमस्कार. आमच्या बाथरूममधल्या एक्झॉस्ट फॅनने वैताग आणलाय. इलेक्ट्रिशियन आला, खालूनच बघितलं आणि "टाकून द्या, नवीन बसवू" म्हणून निघून गेला. याच्या आधीचाही असाच टाकला होता. तेच पुन्हा करण्याआधी मला समजून घ्यायचंय की हे होतं कशामुळे.

बाथरूम ४ बाय ७ फूट, उंची साडेआठ. बाहेर उघडणारी खिडकी नाही. डक्टच्या (इमारतीतल्या उभ्या मोकळ्या पोकळीच्या) बाजूला काचपट्ट्यांची खिडकी आहे, तिच्या वरच्या पट्ट्या काढून ६ इंची प्लॅस्टिकचा फॅन बसवलाय. मागे हवेने उघडणारं शटर आहे. खालच्या काचपट्ट्या डक्टचा वास येतो म्हणून कायम बंद.

बटण दाबलं की हूं असा आवाज येतो, पातं हलत नाही. झाडूच्या काडीने ढकललं की फिरायला लागतं. अर्ध्या तासात मंदावतं आणि तापल्यासारखा वास येतो. पावसाळ्यात आणि थंडीत त्रास जास्त, एप्रिल-मेमध्ये मात्र कधीकधी आपणहून सुरू होतो. आणि चांगला फिरत असतानासुद्धा वाफ काही जात नाही. आरसा धुरकट, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी. दाराखालून झुरळं यायची म्हणून तिथे रबरी पट्टी लावून घेतलीय, म्हणजे तिकडूनही वाफ घरात येत नाही, तरी ही अवस्था.

घाई अशासाठी की सासूबाईंना हल्ली आंघोळ करून आल्या की गरगरतं, डोकं जड होतं. त्या कढत पाण्याने, दार घट्ट लावून, सावकाश आंघोळ करतात. गीझर गॅसचा आहे, आतच भिंतीवर, त्यामुळे पाणी भरपूर मिळतं. ऑक्सिमीटर लावून बघितला, ९८ आलं. बीपीही ठीक. वाफ कोंडल्यामुळेच होत असणार. तर कपॅसिटर बदलून बघू का?

सिंहगड_रोड

कपॅसिटरच गेलाय, दुसरं काही नाही. सीलिंग फॅनचं पण अगदी असंच होतं, ढकललं की फिरतो. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. बदलताना शाफ्टवर दोन थेंब खोबरेल सोडा, मस्त चालेल.

वायंडिंगवाला_इचलकरंजी

ताई, फॅन राहू दे बाजूला. आत्ता उठा आणि गॅस गीझरचा कॉक बंद करा. सासूबाईंना, मुलांना, कुणालाच त्या बाथरूममध्ये तो गीझर लावून आंघोळ करू देऊ नका. आजसुद्धा नाही.

तुम्ही जे लिहिलंय ते एकत्र वाचा. खोलीत गॅस जळतोय, काचपट्ट्या बंद, दाराखाली रबर, फॅन अडकलेला, आणि बाहेर आलेल्या माणसाला गरगरतंय. हे वाफेचं काम नाही. हा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो आणि तसं गृहीत धरूनच पुढचं सगळं करायचं.

हिशेब सांगतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १५ किलो हवा लागते, म्हणजे १२-१३ घनमीटर. घरगुती ६ लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला पाऊण-एक किलो गॅस खातो. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला दीड ते दोन घनमीटर हवा झाली. तुमची अख्खी खोली पावणेसात घनमीटरची. त्यातली जवळजवळ पाव हवा ज्योतीने वापरली आणि नवीन हवा यायला तुम्ही जागाच ठेवलेली नाही. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा जो वास आपल्याला माहीत आहे तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, जळून झालेल्या वायूला तो नसतो. तेव्हा "वास तर येत नाही" यावर अजिबात जाऊ नका.

आणि ऑक्सिमीटरच्या ९८ वर तर मुळीच नाही. ते यंत्र बोटातून प्रकाश सोडून रक्ताच्या रंगावरून आकडा काढतं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो आणि असं रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजन भरलेल्या रक्तासारखंच दिसतं. माणूस गुदमरत असला तरी आकडा चांगला येऊ शकतो. डॉक्टरांना "गॅस गीझर आत आहे" हे वाक्य स्पष्ट सांगा. रक्ताची वेगळी तपासणी असते, ती करायची की नाही ते ठरवतील. पण सांगितलंच नाही तर बीपी आणि साखर बघून घरी पाठवतील.

घरातल्या सगळ्यांना हेही सांगून ठेवा: आतून उत्तर आलं नाही तर दार उघडा किंवा तोडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्या हवेत आणा, १०८ लावा. आत थांबून हलवत बसायचं नाही, नाहीतर मदत करणाराही पडतो.

गीझर बंद केल्याचं इथे लिहा. मग फॅनचं बोलू. माझं मोटर वायंडिंगचंच काम आहे, फॅनचं होऊन जाईल.

डोंबिवली_पूर्व

बंद केला. सिलिंडरचा रेग्युलेटरही काढून ठेवला. वाचून हात थरथरत होते. सासूबाईंना स्वयंपाकघरात पाणी तापवून बादलीने दिलं. उद्या सकाळी डॉक्टरकडे नेते आणि तुम्ही सांगितलंय तसंच सांगते. आधीही एकदा "वरचा मजला आहे, चढून दमले असेन" म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. मनापासून आभार.

वायंडिंगवाला_इचलकरंजी

बरं वाटलं. आता फॅन.

पहिली गोष्ट, काडीने ढकलणं बंद. ओली फरशी, ओले हात, वर चालू लाइन. शिवाय अडकलेल्या मोटारीला करंट देत राहिलं की ती फिरायच्या ऐवजी तापते, तो वास वायंडिंगच्या वार्निशचा आहे. बऱ्याच छोट्या मोटारींत कॉइलवर थर्मल फ्यूज गुंडाळलेला असतो, तो एकदा उडाला की मोटार कायमची बंद. तो काढून वायर थेट जोडून देणारे कारागीर आहेत. तसं करून घेऊ नका. तो फ्यूज आग लागू नये म्हणून आहे.

काम करताना नुसतं बटण बंद करून चढायचं नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजच्या ऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं बऱ्याचदा सापडतं. मग बटण बंद असलं, फॅन थांबलेला असला तरी मोटारीत फेज उभीच असते. एमसीबी पाडा, घरात कुणी ती परत वर करणार नाही एवढं बघा आणि टेस्टर लावून खात्री करा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतोय ना ते बघायचं, मग फॅनला.

आता कपॅसिटरबद्दल. वरच्या दादांनी सांगितलं ते सीलिंग फॅनला लागू आहे. पण ६ इंची प्लॅस्टिकच्या फॅनमध्ये पुष्कळदा कपॅसिटर नसतोच. जाळी काढून मोटार बघा. पत्र्यांची थप्पी, एका बाजूला एकच कॉइल आणि रोटरजवळच्या (मधल्या फिरणाऱ्या भागाजवळच्या) कोपऱ्यांत तांब्याच्या जाड कड्या दिसल्या तर ती शेडेड पोल मोटार. तिच्यात त्या कड्याच कपॅसिटरचं काम करतात. कड्या सहसा बिघडत नाहीत, पण या मोटारीला सुरू होताना जोर फार कमी असतो. शाफ्ट जरासा जड झाला की ती नुसती गुणगुणते.

ओळखायची एक खूणही आहे. कपॅसिटर गेलेला पंखा ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरतो, उलटासुद्धा. शेडेड पोल एकाच दिशेने फिरतो. तुमच्याकडे काय होतं ते आठवून सांगा, पुन्हा करून बघू नका. आणि लाइन बंद असताना पातं बोटाने फिरवून सोडा. आपल्या वेगाने चार फेरे घेतं की हात काढताच जागेवर थांबतं?

डोंबिवली_पूर्व

उलटा कधीच फिरला नाही. एकदा चुकून उलटीकडे लागला तर थोडा हलून पुन्हा सुलट झाला.

लाइन बंद करून, टेस्टरने बघून, नवऱ्याने जाळी काढली. तांब्याच्या कड्या आहेत, कपॅसिटर नाही. बोटाने फिरवलं तर मधात फिरवल्यासारखं वाटतं, सोडलं की लगेच थांबतं. शाफ्टच्या मुळाशी काळपट-पांढरा चिकटा आणि केस गुंडाळलेत. पात्यांच्या कडेला पांढरट राप, नखाने निघतो.

वायंडिंगवाला_इचलकरंजी

मग निदान झालं. बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, धरलाय. मोटार जिवंत आहे.

या मोटारीला बॉल बेअरिंग नसतं, सच्छिद्र ब्राँझचा बुश असतो आणि त्यातच तेल मुरवलेलं असतं. बाजूला नमद्याची छोटी चकती, तीही तेल धरून ठेवते. बाथरूममधली टाल्कम पावडर, टॉवेलचा तंतू आणि साबणाची वाफ तिथे जाऊन बसते आणि तेलाचा डिंक होतो. मे महिन्यात तो डिंक पातळ असतो म्हणून फॅन आपणहून निघतो, गार पडलं की पकडतो. तुम्ही ढकलून सुरू केलात की थोडा वेळ चालतो, मग उरलंसुरलं तेल बाजूला सरून बुश कोरडा पडतो, तापतो, शाफ्ट आवळतो. तुमचा अर्धा तास तो हाच. आधीचा फॅनही बहुतेक याच दुखण्याने टाकलात.

फॅन खाली उतरवून टेबलावर घ्या. पात्याची चकती सोडवताना तिच्यावरचा बाण बघा. पुष्कळ फॅनना उलटे आटे असतात, नेहमीच्या बाजूला जोर लावलात तर प्लॅस्टिक फुटेल. पातं कोमट पाण्यात साबण घालून धुवा आणि पूर्ण वाळवा. एका पात्यावर राप राहिला तरी तोल जातो आणि फॅन थरथरतो. मोटारीला पाणी लावायचं नाही. शाफ्टवरचे केस चिमट्याने काढा. कापसाच्या बोळ्याला थोडं रॉकेल लावून शाफ्ट आणि बुशचं तोंड पुसा, कॉइलवर जाऊ देऊ नका, आणि हे काम शेगडी-देवघरापासून लांब, खिडकीत करा. शाफ्ट हाताने फिरवत पुसत राहा, काळं येणं थांबेपर्यंत. मग शिलाई मशीनचं तेल, दोन्ही बाजूंच्या बुशला आणि नमद्याला दोन-तीन थेंब. बस्स. जास्त झालं तर तेच पावडर धरतं.

खोबरेल नको. आठवडाभर छान चालतं आणि मग थंडीत गोठून, पुढे चिकट होऊन आधीपेक्षा घट्ट बसतं. गंज सोडवायचे जे फवारे मिळतात तेही यासाठी नाहीत, ते घाण धुतात आणि उडून जातात, बुश कोरडाच राहतो.

तेल सोडल्यावर शाफ्ट धरून आडवा हलवून बघा. आडवी खटखट झाली तर बुश झिजलाय, रोटर घासणार. मग मात्र नवीन फॅन घ्या. या मोटारीचं वायंडिंग मी स्वतः घेत नाही, गिऱ्हाइकाला परवडत नाही. आणि फॅन लावल्यावर ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडत असेल तर मोटारीत ओल जाऊन करंट गळतोय असं समजा. ईएलसीबी काढून टाकायला कुणी सांगितलं तर त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका.

ठाणे_सिव्हिल

वायंडिंगवाल्यांनी मोटार सांगितली, मी खोलीबद्दल लिहिते, कारण मूळ पोस्टमधलं "चांगला फिरत असतानासुद्धा वाफ जात नाही" हे तेलाने सुटणार नाही.

फॅन सुरू झाला की टिश्यू पेपरचा तुकडा जाळीला लावा. दार उघडं ठेवून चिकटतो का बघा, मग दार बंद करून. उघड्या दाराने चिकटला आणि बंद दाराने पडला, तर फॅनचा काही दोष नाही. बाहेर ढकलायला हवा आत यावी लागते. इमारतींच्या कामात हे मी सतत बघते: लोक महागडा फॅन बसवतात आणि दार इतकं पक्कं बंद करतात की पातं त्याच हवेत घुसळत राहतं.

६ इंची फॅनचं तोंड साधारण १८० चौरस सेंटिमीटर. बाथरूमचं दार सव्वादोन फुटी धरलं आणि खाली २ सेंटिमीटर फट ठेवली तर जवळपास १३७ चौरस सेंटिमीटर मिळतात. म्हणजे साधी फटसुद्धा फॅनच्या तोंडाच्या पाऊणपट काम करते. तुम्ही रबर लावून ती शून्यावर आणलीत. झुरळांचा त्रास खराच असतो, तेव्हा पट्टी राहू दे, पण दाराच्या खालच्या भागात एक फूट बाय सहा इंचांची लूव्हर जाळी कापून बसवून घ्या आणि तिला आतून बारीक जाळी लावा. लूव्हरची निम्मी जागा पट्ट्यांतच जाते, म्हणून माप सढळ घ्यायचं. पीव्हीसी किंवा फायबरच्या दारात सुतार हे सहज करतो. महिन्याकाठी जाळी ब्रशने झाडायची, नाहीतर तीही तंतूने बुजते.

खालच्या काचपट्ट्या उघडून हवा घ्यावी असं वाटेल, पण त्या फॅनच्या अगदी खाली आहेत. मग फॅन डक्टमधली हवा आत घेऊन तीच बाहेर टाकत बसेल आणि दाराकडची वाफ जागची हलणार नाही. हवा समोरून, खालून यायला हवी.

शटरही बघा. त्याच्या पट्ट्या नुसत्या हवेच्या जोराने उघडतात. तंतू, कबुतरांची पिसं, रंगकाम करताना उडालेला रंग, कशानेही चिकटतात. हाताने उचलून सोडल्यावर आपोआप पडल्या पाहिजेत. डक्टचा वास आत येतो म्हणालात, तर एकदा गच्चीवर जाऊन डक्टचं तोंड बघा. पाऊस येतो म्हणून सोसायट्या वरून पत्रा ठोकतात आणि बाजूला हवेला जागा ठेवत नाहीत. तसं असेल तर सगळ्या मजल्यांची हवा आत कोंडते आणि तुमचा फॅन त्या दाबाविरुद्ध झगडतो. पत्रा काढायला लावू नका, वर उचलून चारही बाजू मोकळ्या ठेवायला सांगा. पाऊसही अडतो, हवाही जाते.

बुरशीवर नुसता रंग देऊ नका. आधी आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं फॅन चालू ठेवून छत रोज कोरडं होतंय ना ते बघा. ओलं राहिलं तर रंगाखालून पुन्हा येणार.

डोंबिवली_पूर्व

सगळ्यांना कळवते.

डॉक्टरांनी गीझरचं ऐकल्यावर बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तपासणी झाली, त्यांना ठेवून घेतलं नाही. बादलीच्या पाण्याने आंघोळ सुरू केल्यापासून गरगरणं नाही. डॉक्टर म्हणाले गीझर पुन्हा आत लावायचा नाही, विषय संपला.

फॅनला शिलाई मशीनचं तेल दिलं. चकतीला खरंच उलटे आटे होते. आता बटण दाबताच निघतो, तापत नाही. टिश्यू दार उघडं असताना चिकटला, बंद केल्यावर खाली पडला. रबरी पट्टी तात्पुरती उचकटली तर बंद दारानेही चिकटतो, वाफ जाताना डोळ्यांना दिसते. सुतार जाळी बसवायला येतोय. शटरच्या दोन पट्ट्या रंगाने चिकटल्या होत्या, सोडवल्या. गच्चीवर पत्रा आहेच, सेक्रेटरींना फोटो पाठवलाय.

एक विचारायचं राहिलं. फॅन इतका छान चालतोय आणि जाळीही होणार, तर गीझर ड्राय बाल्कनीत हलवून पाइप आत घेतला तर चालेल ना? नवीन इलेक्ट्रिक घेण्याचा खर्च वाचेल. बाल्कनीला आम्ही स्लायडिंग खिडक्या लावून घेतल्यात.

वायंडिंगवाला_इचलकरंजी

सासूबाईंचं ऐकून जीव भांड्यात पडला.

स्लायडिंग लावलेली बाल्कनी म्हणजे खोलीच झाली. थंडीत कुणीतरी सरकवून बंद करणारच आणि तिथून दार स्वयंपाकघरात उघडत असेल तर तो वायू घरात येईल. उघडी, जाळीची बाल्कनी असती तर कंपनीच्या माणसाकडून नीट बसवून घ्या म्हटलं असतं. तुमच्याकडे नको. आणि आतला फॅन चांगला आहे म्हणून गॅस जाळायचा, हे तर कधीच नाही. लाइट गेली की फॅन थांबतो, ज्योत थांबत नाही.

इलेक्ट्रिक घ्या. १५ लिटरचा २ किलोवॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर, अर्थिंग आणि ईएलसीबी पाहिजेच. वायर ४ स्क्वेअर एमएमची टाकायला सांगा. फॅनच्या बटणातून लाइन काढून देतो म्हणाला तर नाही म्हणा. बसवायच्या दिवशी अर्थिंगला खरोखर जमीन मिळतेय का हे फेज आणि अर्थिंगमध्ये सिरीज लॅम्प किंवा मीटर लावून तुमच्यासमोर दाखवायला लावा. ईएलसीबी असेल तर दिवा लावताच ती पडेल, ते बरोबरच आहे. जुना गॅस गीझर कुणाला देऊन टाकणार असाल तर तो बाथरूममध्ये लावणार नाही याची खात्री करून द्या, नाहीतर भंगारात घाला.